वाचकांचे प्रश्न: हायड्रोजनची मोटार आणि खान्देशचे रस्ते

पेट्रोलला पर्याय म्हणून हायड्रोजनच्या मोटारींविषयी विचारणारी पत्रे गेल्या काही महिन्यांत जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आली. त्यांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत. आकडेमोड शक्य तेथे वाचकांना स्वतः पडताळता येईल अशा रीतीने मांडली आहे.

प्रश्न: मी सेवानिवृत्त शिक्षक आहे. जुनी पेट्रोल गाडी आता दुरुस्तीच्या पलीकडे गेली आहे. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी हायड्रोजनच्या गाडीतून संसदेत गेल्याचे मी दूरचित्रवाणीवर पाहिले होते आणि तेव्हापासून अशीच गाडी घ्यावी असे मनात आहे. पुण्यात नोकरीला असलेला मुलगा मात्र विजेची गाडी घ्या म्हणतो. दोन-तीन वर्षे थांबावे काय?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर: थांबू नये. कारणे थोडी विस्ताराने सांगतो, कारण पुढच्या बऱ्याच उत्तरांचा पाया यातच आहे.

आपण पाहिलेला प्रसंग ३० मार्च २०२२ चा. ती गाडी टोयोटा कंपनीची ‘मिराई’ होती. जपानमध्ये या गाडीची विक्री डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झाली आणि तिची दुसरी पिढी २०२० च्या अखेरीस आली. तिच्या टाक्यांत ५.६ किलो हायड्रोजन मावतो आणि तेवढ्यावर ती चाचणीच्या मोजमापाने सुमारे ६५० किलोमीटर जाते. टाकी भरायला पाच मिनिटे पुरतात. गाडीत इंजिन नसते. टाकीतला हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन इंधनघटात, म्हणजे फ्युएल सेलमध्ये, एकत्र येतात, त्यातून वीज आणि पाणी तयार होते आणि त्या विजेवर मोटर फिरते. विल्यम ग्रोव्ह या ब्रिटिश शास्त्रज्ञाने हे तत्त्व १८३९ च्या सुमारास दाखवून दिले होते आणि १९६५ मध्ये अमेरिकेच्या जेमिनी यानात असे घट प्रत्यक्ष अंतराळात गेले. तंत्र जुने आहे, चालणारे आहे आणि गाडीच्या मागून फक्त पाण्याची वाफ निघते, हेही खरे आहे. अडचण गाडीत नाही, तिच्या टाकीत जे भरायचे त्याच्या हिशेबात आहे.

हायड्रोजन जमिनीतून तेलासारखा उपसून घेता येत नाही. तुरळक नैसर्गिक साठे सोडले तर तो दुसऱ्या कशापासून तरी वेगळा करावा लागतो आणि त्यासाठी ऊर्जा खर्च होते. पाण्यातून विजेच्या साहाय्याने एक किलो हायड्रोजन वेगळा करायला ५० ते ५५ युनिट वीज लागते. तो ७०० बार दाबाने, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे ७०० पट दाबाने, टाकीत भरायचा तर आधी दाबावा लागतो आणि थंडही करावा लागतो, त्यात आणखी काही युनिट जातात. एकूण ६० युनिट धरू. आपल्या रस्त्यांवर, वातानुकूलन चालू ठेवून, एक किलोवर गाडी साधारण १०० किलोमीटर जाईल असे मानू. म्हणजे १०० किलोमीटरला ६० युनिट झाले. बॅटरीवर चालणाऱ्या मध्यम आकाराच्या गाडीला तेवढ्याच अंतरासाठी, चार्जिंगमधली घट धरूनही, १८ युनिटांच्या आसपास वीज पुरते. म्हणजे तीच वीज थेट बॅटरीत घातली तर तिप्पट अंतर तोडते. हा फरक एखाद्या कंपनीच्या कौशल्याने पुसला जाणारा नाही. वीज, मग वायू, मग दाब, मग पुन्हा वीज अशा प्रत्येक पायरीवर काही भाग उष्णता होऊन जातोच.

रुपयांत सांगायचे तर घरच्या मीटरवर युनिटला १० रुपये धरले तरी बॅटरीच्या गाडीला १०० किलोमीटरला १८० रुपये लागतील. पेट्रोलची गाडी लिटरला १६ किलोमीटर देत असेल तर त्याच अंतराला साडेसहाशे रुपये जातात. हायड्रोजनसाठी कारखान्याला ५ रुपये युनिट या सवलतीच्या दराने वीज मिळाली असे मानले तरी नुसत्या विजेचेच ३०० रुपये होतात. यंत्रसामग्री, वाहतूक, पंप आणि पंपवाल्याचे कमिशन हे सारे त्यानंतरचे. कॅलिफोर्नियात हायड्रोजनचे पंप सर्वाधिक असलेल्या पट्ट्यात २०२३-२४ मध्ये भाव किलोला ३६ डॉलरपर्यंत चढला होता. तेथील आपले मोटारींसाठीचे सातही पंप शेल कंपनीने २०२४ च्या आरंभी बंद केले.

भारतात आज सर्वसामान्य ग्राहकाला हायड्रोजनची एकही मोटार विकत मिळत नाही, आणि अमळनेरात ती आणली तरी भरायला जागा नाही. आपला वापर गावात आणि जळगाव-धुळ्यापर्यंत असेल, घरासमोर गाडी लावायची सोय असेल, तर मुलाचे म्हणणे योग्य आहे. वर्षातून अनेकदा दूरचे प्रवास असतील तर सीएनजी किंवा हायब्रिडचाही विचार करावा. हायड्रोजनसाठी थांबणे मात्र पेट्रोलची बिले भरत राहण्यासारखेच ठरेल.

प्रश्न: देश परदेशातून तेल आणतो आणि त्यात परकीय चलन जाते. सगळ्या मोटारी हायड्रोजनवर गेल्या तर ही आयात संपेल ना?
— एक वाचक, धरणगाव

उत्तर: देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आयात होते, म्हणून आपली तळमळ रास्त आहे. परंतु तेल नेमके कोठे जाते ते पाहावे. २०२३-२४ मध्ये देशात सुमारे ९ कोटी टन डिझेल खपले, पेट्रोल ४ कोटी टनांच्या आत होते. डिझेलचा मोठा भाग मालट्रक, एसटीसारख्या बसगाड्या, ट्रॅक्टर आणि पंप यांत जातो. पेट्रोलचा निम्म्याहून अधिक वाटा मोटारी नव्हे, दुचाक्या पितात. धरणगावच्या बाजारपेठेत उभे राहून पाहिले तरी हे पटेल. दुचाकीवर ७०० बार दाबाची टाकी आणि प्लॅटिनम लागणारा इंधनघट बसवणे व्यवहार्य नाही, तेथे बॅटरी सहज बसते आणि बसू लागलीही आहे. म्हणजे मोटारी हायड्रोजनवर गेल्या तरी आयातीचा लहानसा कोपराच हलेल.

आणखी एक गंमत अशी की भारत आजही वर्षाला ५० ते ६० लाख टन हायड्रोजन वापरतो, त्यातला बराचसा नैसर्गिक वायूपासून बनतो आणि त्याचा मोठा हिस्सा तेलशुद्धीकरण कारखान्यांतच खर्च होतो. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या, वाहनांच्या धुरासाठीच्या बीएस-सहा मानकाप्रमाणे डिझेलमधील गंधक अगदी खाली आणावे लागते आणि ते काढून टाकायला हायड्रोजन लागतो. तेलाला पर्याय म्हणून ज्याच्याकडे आपण पाहतो, तो सध्या तेलच धुवून देण्याच्या कामी आहे. उरलेला बहुतांश खत कारखान्यांत अमोनिया बनवण्यासाठी जातो. या दोन ठिकाणचा हायड्रोजन आधी स्वच्छ मार्गाने बनवला तर नैसर्गिक वायूची आयात कमी होते आणि त्यासाठी एकही नवी गाडी किंवा पंप लागत नाही. ४ जानेवारी २०२३ रोजी मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानात १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद आहे आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजनचे उद्दिष्ट आहे. ते गाठले गेले तर माझ्या मते पहिला माल खतांकडे आणि शुद्धीकरणाकडे जावा, मोटारींकडे नव्हे.

प्रश्न: मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. आमच्या गावाजवळ दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र आहे. त्या विजेवर हायड्रोजन बनवला तर तो प्रदूषणमुक्त म्हणता येईल का?
— एक विद्यार्थी, भुसावळ

उत्तर: मुळीच नाही, आणि प्रश्न अचूक जागी बोट ठेवणारा आहे. भारतीय विद्युत जाळ्यातील एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, निव्वळ कोळशाच्या केंद्रात त्याहून अधिक. वरच्या हिशेबातले ६० युनिट घेतले तर किलोभर हायड्रोजनमागे, म्हणजे मोटारीच्या १०० किलोमीटरमागे, ४२ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत गेला. पेट्रोलची गाडी त्याच अंतरात १४-१५ किलो सोडते. बॅटरीची गाडी त्याच जाळ्यावर चार्ज केली तर तेरा किलोच्या आत राहते. नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन बनवताना किलोमागे ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो आणि दाबण्याची वीज मिळवली की तोही पेट्रोलच्या बरोबरीला येतो.

यामुळेच केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘हरित’ या विशेषणाची व्याख्या केली: एक किलो हायड्रोजनमागे २ किलो कार्बन डायऑक्साइडपेक्षा जास्त उत्सर्जन असता कामा नये. दीपनगरची वीज या मर्यादेच्या जवळपासही येत नाही. नळीतून पाणी गळते म्हणून गाडी स्वच्छ, असे कोणी सांगितले तर त्याला आधी वीज कोठून आली ते विचारावे.

प्रश्न: रावेर-यावल भागात विहिरी दरवर्षी खोल जात आहेत. पाण्यापासून हायड्रोजन काढू लागले तर आमच्या केळीच्या वाट्याचे पाणी जाईल, अशी भीती वाटते. दुसरे असे की, घड कापल्यावर केळीची खोडे बांधावर कुजतात. त्यांच्यापासून हायड्रोजन निघू शकेल काय?
— एक शेतकरी, रावेर तालुका

उत्तर: पाण्याचा प्रश्न आधी घेऊ. रासायनिक हिशेबाने एक किलो हायड्रोजनला ९ लिटर पाणी लागते. ते अतिशुद्ध असावे लागते, त्यामुळे शुद्धीकरणात वाया जाणारे आणि यंत्रे थंड ठेवण्याचे पाणी धरून प्रत्यक्षात वीस-तीस लिटर पडतात. उन्हाळ्यात ठिबकवरच्या केळीच्या एका झाडाला दिवसाला जेवढे पाणी आपण देता, साधारण तेवढेच हे आहे आणि त्यावर गाडी शंभर किलोमीटर जाते. देशाचे ५० लाख टनांचे संपूर्ण उद्दिष्ट पुरे करायला वर्षाला साडेतीन ते सव्वापाच टीएमसी पाणी लागेल, आणि गिरणा धरणाची साठवण त्याच्या कित्येक पट आहे. तेव्हा देशपातळीवर हायड्रोजनमुळे पाण्याचा दुष्काळ पडेल ही भीती अवाजवी आहे.

तरीही आपल्या तालुक्यापुरती ती खोटी म्हणता येत नाही. रावेर आणि यावल हे तालुके भूजलाच्या अतिउपशासाठी ओळखले जातात, आणि पाण्याचा ताण सरासरीने कळत नाही, तो विहिरीगणिक असतो. उद्या कोणी हायड्रोजनचा कारखाना घेऊन आलाच तर पाणी तापीचे, प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचे की कूपनलिकेचे, हा प्रश्न ग्रामसभेत पहिल्याच दिवशी विचारावा. भुसावळ-जळगावसारख्या शहरांचे सांडपाणी शुद्ध करून या कामी वापरणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे आणि तसा आग्रह धरणे योग्य ठरेल.

आता खोडांविषयी. जैविक कचऱ्याला कमी हवेत खूप तापवले की त्यापासून मिळणाऱ्या वायूत हायड्रोजन असतो, ही प्रक्रिया जुनी आहे. पण तिला कोरडा माल लागतो. तुरीच्या आणि कपाशीच्या काड्या चालतात. केळीच्या खोडात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि ते वाळवण्यातच मिळणाऱ्या ऊर्जेचा बराच भाग खर्च होईल. ओल्या मालासाठी बायोगॅस हाच मार्ग बरा. तो शुद्ध करून दाबला की सीएनजीच्या गाडीत जसाच्या तसा चालतो, नवे यंत्र लागत नाही, आणि मागे उरणारी मळी शेतात जाते. केंद्राची ‘सतत’ ही योजना २०१८ पासून यासाठीच आहे. खोडाच्या तंतूंपासून धागा काढण्याचे प्रयोगही आपल्याकडे झालेले आहेत. हायड्रोजनच्या नावाने खोडे गोळा करण्याचा करार घेऊन कोणी आले तर सही करण्यापूर्वी त्याचा चालू प्रकल्प पाहून यावे.

प्रश्न: आमचा मालवाहतुकीचा व्यवसाय आहे. सुरत, मुंबई, इंदूर, नागपूर आणि हंगामात केळी घेऊन दिल्ली, अशा आमच्या गाड्या जातात. बॅटरीचा ट्रक वजनाला परवडत नाही असे ऐकतो. मग आमच्यासाठी हायड्रोजन हाच मार्ग आहे का? किती वर्षांत?
— एक वाहतूकदार, धुळे

उत्तर: सर्व पत्रांत हायड्रोजनच्या बाजूने सर्वाधिक बोलता येईल असा हा एकच प्रश्न आहे. मोटारीला जे लागू पडते ते ४० टनी ट्रकला जसेच्या तसे लागू पडत नाही. लांब पल्ल्याच्या ट्रकला काहीशे युनिटांची बॅटरी लागते, तिचे वजन दोन-तीन टन होते आणि तेवढा माल कमी भरावा लागतो. शिवाय गाडी चार्जरवर उभी राहिली की भाडे थांबते, आणि केळीच्या गाडीला उशीर म्हणजे काय, हे आपणास सांगायला नको. हायड्रोजनचा ट्रक दहा-पंधरा मिनिटांत भरून निघू शकतो.

सरकारनेही चाचणीसाठी मोटारींऐवजी ट्रक आणि बसच निवडले आहेत. मार्च २०२५ मध्ये केंद्राने पाच पथदर्शी प्रकल्प मंजूर केले. त्यांत बस आणि ट्रक मिळून ३७ वाहने, ९ भरणा केंद्रे आणि २०८ कोटी रुपयांचे साहाय्य आहे. निवडलेल्या दहा मार्गांत पुणे-मुंबई आणि अहमदाबाद-वडोदरा-सुरत हे दोन मार्ग आहेत. म्हणजे धुळ्याहून जाणाऱ्या दोन महामार्गांच्या दुसऱ्या टोकांना, सुरतेला आणि मुंबईला, हायड्रोजन पोहोचण्याची सुरुवात झाली आहे. टाटा मोटर्सने त्याच महिन्यात आपल्या ट्रकच्या चाचण्या सुरू केल्या. त्यांत काही ट्रक इंधनघटाचे आहेत, तर काहींत हायड्रोजन थेट इंजिनात जाळला जातो. हा दुसरा प्रकार आपल्या मेस्त्रींना ओळखीचा वाटेल, कारण इंजिन, गिअर आणि क्लच बरेचसे जुनेच राहतात, मात्र त्याला हायड्रोजन अधिक लागतो.

आता भाड्याचा हिशेब करू. रावेरहून दिल्ली साधारण हजार-अकराशे किलोमीटर आहे. भरलेला ट्रक डिझेलवर लिटरला पावणेचार किलोमीटर देतो असे धरले तर २८० लिटर, म्हणजे पंचवीस-सव्वीस हजार रुपये लागतात. इंधनघटाच्या ट्रकला १०० किलोमीटरला सुमारे आठ किलो हायड्रोजन लागतो, म्हणजे एका खेपेला ८५ किलो. डिझेलशी बरोबरी होण्यासाठी पंपावरचा भाव किलोला ३०० रुपयांच्या वर जाता कामा नये. अमळनेरच्या पत्राला दिलेल्या उत्तरात आपण पाहिले की ५ रुपये युनिटने नुसती वीजच ३०० रुपये खाऊन टाकते. सौर प्रकल्पांच्या लिलावात मिळणारा अडीच रुपयांच्या आसपासचा दर थेट मिळाला तर विजेचा खर्च दीडशेवर येतो आणि मग बाकीच्या खर्चाला जागा राहते. ट्रकची किंमत मात्र यात धरलेलीच नाही, आणि आज ती डिझेलच्या ट्रकच्या कित्येक पट आहे.

परदेशातला अनुभवही सावध करणारा आहे. हायड्रोजन ट्रकचा गाजावाजा करणारी अमेरिकेतील निकोला कंपनी फेब्रुवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षी जुलैमध्ये स्टेलांटिस या मोठ्या कंपनीने हायड्रोजन व्हॅनचा कार्यक्रम सोडून दिला. तिकडे चीनमध्ये बॅटरीचे जड ट्रक वेगाने वाढत आहेत आणि बॅटरीचे भाव उतरत आहेत, त्यामुळे हायड्रोजनसाठी राखलेला हा शेवटचा प्रांतही हळूहळू आकसतो आहे.

माझा सल्ला असा: पुढची गाडी घेताना हायड्रोजनचा विचार करू नये. धुळे-नाशिक किंवा धुळे-जळगाव अशा ठरलेल्या, रात्री परत येणाऱ्या फेऱ्यांसाठी बॅटरीच्या हलक्या मालगाड्या तपासून पाहाव्यात. लांब पल्ल्याच्या ताफ्यासाठी सुरत मार्गावरच्या चाचण्यांचे निकाल येईपर्यंत डिझेल किंवा एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) यांतच निवड आहे. निकाल आले की दोन आकडे मागावेत: एक किलोला भरलेली गाडी किती किलोमीटर गेली, आणि भरणा केंद्र वर्षातले किती दिवस बंद होते. दुसरा आकडा सहसा कोणी आपणहून सांगत नाही.

प्रश्न: साक्री तालुक्यात पवनचक्क्या आहेत, सौर प्रकल्प आहे. इथली वीज बाहेर जाते. तिच्यापासून इथेच हायड्रोजन बनवून जिल्ह्याच्या गाड्या का चालवू नयेत?
— एक वाचक, साक्री

उत्तर: बनवता येईल. प्रश्न त्याचे काय करायचे हा आहे. साक्रीजवळच्या शिवाजीनगरचा महानिर्मितीचा सौर प्रकल्प १२५ मेगावॉटचा आहे. त्याची वर्षाची वीज अंदाजे २० कोटी युनिट धरू. तिच्यापासून ३३ लाख किलो हायड्रोजन होईल आणि वर्षाला दहा हजार किलोमीटर फिरणाऱ्या ३३ हजार मोटारी त्यावर चालतील. तीच वीज बॅटरीत भरली तर १ लाख १० हजार मोटारी चालतील. जिल्ह्याच्या भल्यासाठी यातले काय निवडावे, हे वेगळे सांगायला नको.

शिवाय विद्युत अपघटनाचे, म्हणजे विजेने पाण्यातून हायड्रोजन वेगळा करणारे, महागडे यंत्र फक्त ऊन असेल तेव्हा पाच-सहा तास चालवले तर त्याचा भांडवली खर्च वसूल होत नाही. साक्रीचा खरा फायदा असा की तेथे वारा आणि ऊन दोन्ही आहेत. पावसाळ्यात ऊन कमी असते तेव्हा वारा जोरात असतो आणि यंत्र अधिक तास चालते. असा हायड्रोजन एखाद्या खत कारखान्याला अमोनियासाठी दिला तर मागणी बाराही महिने एकसारखी राहते. एक टन अमोनियाला सुमारे १७७ किलो हायड्रोजन लागतो. खान्देशाने स्वप्न पाहायचेच तर युरियाच्या गोणीचे पाहावे.

प्रश्न: आमच्या सोसायटीत गाड्या तळघरात लागतात. हायड्रोजनचा स्फोट होतो असे शाळेत शिकलो. अशी गाडी घराखाली उभी करणे सुरक्षित आहे का? आणि आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हात काय होईल?
— एक वाचिका, जळगाव

उत्तर: भीती निराधार नाही. हवेत हायड्रोजन ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कोणत्याही प्रमाणात मिसळला तरी पेट घेऊ शकतो, आणि त्यासाठी लागणारी ठिणगी अगदी क्षीण असली तरी चालते. त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही. स्वयंपाकाच्या गॅसला घालतात तसा वासही त्याला घालता येत नाही, कारण वासासाठीचे गंधकयुक्त द्रव्य इंधनघट बिघडवते. म्हणून गळती ओळखण्याचे काम संवेदकांवर सोपवावे लागते. १९३७ मध्ये ‘हिंडेनबर्ग’ हे हवाई जहाज जळाले, त्यात ३६ माणसे गेली, आणि हायड्रोजनची बदनामी तेव्हापासून टिकून आहे.

दुसरी बाजू अशी की तो हवेपेक्षा चौदा पट हलका आहे. उघड्यावर गळला तर क्षणात वर निघून जातो, एलपीजीसारखा जमिनीलगत साचून राहत नाही. गाडीच्या टाक्या कार्बन तंतूंच्या असतात, त्या ठोकून, तापवून आणि गोळी झाडूनही तपासल्या जातात. आगीत टाकी तापली तर झडप उघडून वायू ठरलेल्या दिशेने बाहेर सोडला जातो. भारतात अशा टाक्यांना मान्यता देणारी ‘पेसो’ ही संस्था नागपूरलाच आहे. अपघात होतात ते बहुधा गाडीत नव्हे, भरणा केंद्रात. नॉर्वेत सँडविका येथे जून २०१९ मध्ये स्फोट झाला, तो उच्च दाबाच्या टाकीचे बूच नीट आवळले न गेल्यामुळे.

तळघराचे मात्र वेगळे आहे. छताला साचायला जागा मिळाली की हलकेपणाचा फायदा उरत नाही. छताजवळ वायुवीजन आणि गळतीसूचक असल्याखेरीज तेथे अशी गाडी लावू नये. उन्हाने टाकीला धोका नाही. पण वेगाने भरताना वायू तापतो, म्हणून पंपावर तो आधी उणे ४० अंशांपर्यंत थंड करतात, आणि आपल्या मे महिन्यात त्यासाठी अर्थातच अधिक वीज जाईल.

प्रश्न: माझे गॅरेज आहे. एक विक्रेता पाण्यावर हायड्रोजन बनवणारे किट घेऊन आला. बॅटरीच्या विजेने पाण्याचा वायू होतो, तो इंजिनात जातो आणि पेट्रोल निम्मे लागते, असे म्हणतो. गिऱ्हाइकांना बसवून द्यावे का?
— एक मेकॅनिक, पाचोरा

उत्तर: देऊ नये. ती बॅटरी अल्टरनेटर, म्हणजे गाडीतला वीज बनवणारा भाग, भरतो, अल्टरनेटरला इंजिन फिरवते, आणि इंजिन पेट्रोलवर चालते. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम पाव भाग इंजिन कामात आणते, त्यातून वीज होताना पुन्हा घट, विजेचा वायू होताना आणखी घट, आणि तो वायू त्याच इंजिनात जाळला की पुन्हा पाव. एक रुपया घालून चार-पाच पैसे हाती येतील. पाण्यावर गाडी चालवल्याचा दावा करणाऱ्या अमेरिकेच्या स्टॅन्ली मेयर याला तेथील ओहायो राज्यातील न्यायालयाने १९९६ मध्ये फसवणुकीबद्दल गुंतवणूकदारांचे पैसे परत करायला लावले होते. याशिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगीशिवाय असा बदल बेकायदा आहे. उद्या गिऱ्हाइकाची गाडी पेटली तर विमा कंपनी हात वर करील आणि पावतीवर नाव आपल्या गॅरेजचे असेल.

प्रश्न: माझा पेट्रोल पंप आहे. पुढच्या दहा वर्षांसाठी जागेत हायड्रोजनची सोय करून ठेवावी का?
— एक पंपचालक, शहादा

उत्तर: नको. पेट्रोलचा एक टँकर आपल्याकडे वीस हजार लिटर इंधन एका खेपेत आणून ओततो. हायड्रोजन पोलादी नळकांड्यांच्या ट्रेलरमधून येतो आणि चाळीस टनांच्या त्या गाडीत प्रत्यक्ष वायू तीन-चारशे किलोच असतो. मोटारी भरायच्या तर सत्तर-ऐंशी भरल्या की ट्रेलर रिकामा. दाबयंत्र, शीतकरण, साठवण आणि सुरक्षित अंतरासाठी लागणारी मोकळी जागा यांचा खर्च कोट्यवधींत जातो आणि सरकारी चाचणीबाहेर तो सध्या कोणी उचलत नाही.

त्याऐवजी दोन गोष्टी पाहाव्यात. तेल कंपनीकडे सीएनजीसाठी विचारणा करावी. आणि वीज वितरण कंपनीकडे वेगवान चार्जरसाठी किती भार मंजूर होतो, रोहित्र स्वतंत्र लागेल का, त्याचा खर्च कोणाच्या माथी पडेल, हे लेखी विचारून घ्यावे. अर्ज करण्याआधी शेजारच्या फिडरवर उन्हाळ्यात किती वेळ वीज जाते याची नोंद काही आठवडे ठेवली तर चार्जर कोठे आणि किती क्षमतेचा लावायचा, ते ठरवणे सोपे जाईल.